जॅझ सुरावटीचा रियाज

जॅझमध्ये एकल वादक ठरलेल्या गाण्याच्या कॉर्डमालिकेवर (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) तिथल्या तिथे नवी सुरावट बांधतो. कॉर्ड बदलत असताना कोणत्या मात्रेला कोणत्या स्वरावर उतरायचे आणि तिथवर कसे पोहोचायचे, हे विचार न करता जमावे यासाठी केला जाणारा अभ्यास म्हणजे हा रियाज. तो सर्व वाद्यांना आणि गळ्यालाही सारखाच लागू पडतो.

गाण्यांत वारंवार भेटणारी मालिका म्हणजे 'दोन-पाच-एक': स्केलच्या, म्हणजे पट्टीतल्या स्वरांच्या क्रमाच्या, दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावर उभ्या असलेल्या कॉर्ड. पट्टीचा सा धरून मांडली तर पहिली कॉर्ड रे-म-ध-सा, दुसरी प-नि-रे-म आणि तिसरी सा-ग-प-नि. मूळ स्वर, म्हणजे प्रत्येक कॉर्डमधला पहिला, बहुधा बास (खालच्या स्वरांचे साथीचे वाद्य) वाजवतच असतो. कॉर्डची ओळख पटते ती मांडलेल्या क्रमातल्या दुसऱ्या आणि चौथ्या स्वराने. (स्केलच्या पायऱ्या मोजल्या तर हे तिसरा आणि सातवा ठरतात, आणि वादक त्यांना तसेच म्हणतात.) हेच दोन स्वर पाहत गेले तर दोन धागे हाती लागतात: सा-नि-नि आणि म-म-ग. म्हणजे कॉर्ड तीन बदलल्या, पण प्रत्येक धाग्यात एकच स्वर, तोही अर्ध्या स्वराने सरकला. पहिला अभ्यास एवढाच, की संपूर्ण गाण्यावर हे धागे लांब, साध्या स्वरांत वाजवायचे. कंटाळवाणा वाटतो, पण हे जमले की साथीला पियानो नसतानाही ऐकणाऱ्याला कॉर्ड कळू लागतात.

मुक्कामाचे स्वर पक्के झाले की वाटेची सजावट सुरू होते. त्यातली बीबॉप (जलद गतीची एक जॅझ शैली) वादकांची लाडकी युक्ती म्हणजे लक्ष्यस्वराला घेरणे. ग वर उतरायचे असेल तर आधी वरचा म, मग खालून कोमल ग, आणि नेमक्या मात्रेवर शुद्ध ग. वेढ्यातला कोमल ग कॉर्डबाहेरचा असूनही खटकत नाही, कारण तो मात्रेच्या मधल्या जागेत येतो आणि लगेच सुटतो. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर (१९२०–१९५५) यांच्या सोलोंत, म्हणजे एकल वादनांत, असे वेढे पदोपदी सापडतात.

दुसरी युक्ती हिशोबाची आहे. 'पाच'च्या कॉर्डवर, तिच्याच मूळ स्वराला सा मानले, तर कोमल नि असलेले सात स्वरांचे स्केल वाजते. मात्रेला दोन स्वर या गतीने वरच्या सा पासून उतरू लागले की दुसऱ्या मात्रेलाच कॉर्डबाहेरचा ध येतो आणि घडी विस्कटते. मध्ये शुद्ध निचा एक जादा स्वर घातला की आठ स्वर होतात आणि सा, कोमल नि, प, ग हे कॉर्डचे चारही स्वर बरोबर मात्रांवर बसतात. याला बीबॉप स्केल म्हणतात.

पुष्कळ विद्यार्थी मात्र प्रत्येक कॉर्डला एक स्केल नेमून देतात आणि ते खालीवर घासत बसतात. बोटे तयार होतात, सुरावट होत नाही. त्यापेक्षा सा-रे-ग-प सारखा चार स्वरांचा छोटा साचा प्रत्येक कॉर्डच्या मूळ स्वरापासून फिरवणे जास्त फळते. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या १९५९ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'जायंट स्टेप्स' या रचनेत पट्ट्या इतक्या भराभर बदलतात, की त्यांनी तिथे असे साचे मुबलक वापरले. त्याच ध्वनिमुद्रणात पियानोवादक टॉमी फ्लॅनगन यांचा सोलो मध्येच तुटून नुसत्या कॉर्डवर येतो. पुढे १९८२ मध्ये फ्लॅनगन यांनी ही रचना पुन्हा ध्वनिमुद्रित केली. कसलेल्या वादकाच्या हातालाही अनोळखी वाट लगेच वळत नाही, याचे याहून प्रामाणिक उदाहरण मिळणे कठीण.

कानाचे शिक्षण याहून जुने आहे. पार्कर यांनी किशोरवयात सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांचे सोलो रेकॉर्डवरून उचलले. पियानोवादक आणि शिक्षक लेनी ट्रिस्टानो शिष्यांना असे सोलो आधी रेकॉर्डसोबत गायला लावत, वाद्य नंतर. गळ्यातून न निघणारी जागा कानाने पुरती पकडलेली नसते, हे गाताना लगेच उघडे पडते. उचललेले एखादे वाक्य बाराही पट्ट्यांत फिरवणे ही पुढची पायरी. मग त्याची लय बदलायची, शेवट बदलायचा, अर्धेच घ्यायचे. बदल न करता पाठ केलेली वाक्ये एकामागून एक ओतणारा वादक दोन कोरसांत (गाण्याच्या पूर्ण आवर्तनांत) ओळखू येतो.

मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे यंत्र) अनेकदा अर्ध्या गतीवर लावून त्याचे ठोके दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचे मानतात, म्हणजे पहिली मात्रा स्वतः सांभाळावी लागते. साथीच्या रेकॉर्डवर सराव करण्याची पद्धत जॅझ शिक्षक जेमी एबरसोल्ड यांच्या १९६७ पासूनच्या मालिकेने रूढ केली. सोय मोठी, पण रेकॉर्ड वादकाचे ऐकत नाही. आपण वाट चुकलो तरी ती पुढे जातेच.

ट्रिस्टानो यांचे शिष्य, सॅक्सोफोनवादक ली कोनिट्झ यांचा दहा पायऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. पहिल्या पायरीवर मूळ गाणे जसेच्या तसे, पुढे त्यात हळूहळू भर, आणि शेवटी पूर्ण नवी सुरावट. पायऱ्या उलट्या उतरून पुन्हा मूळ गाण्यावर येणे हाही त्याच अभ्यासाचा भाग करता येतो, आणि तो चढण्याइतकाच अवघड जातो.