सूर क्लिकच्या आधी का पडतात?

मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजून देणारा, क्लिक लावून मिडी कीबोर्डवर साधीशी चाल वाजवली, वाजवताना सगळं लयीत वाटलं. नंतर पडद्यावर पाहावं तर प्रत्येक नोट ठोक्याच्या रेघेच्या थोडी आधी. घरी संगीत करणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी दिसतं. मग आधी केबलवर संशय जातो. तो बहुधा चुकीचा असतो.

मिडीच्या तारेतून आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली आणि किती जोरात, एवढाच निरोप जातो. १९८३मध्ये आलेल्या या पद्धतीत पाच पिनांच्या केबलमधून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एका नोटच्या निरोपाला ३० बिट लागतात, म्हणजे जेमतेम एक मिलिसेकंद. दहाही बोटं एकदम दाबली तरी शेवटच्या नोटेला दहाएक मिलिसेकंद.

खरा वेळ त्याच्या पुढच्या टप्प्यात खर्च होतो. निरोप मिळाल्यावर सॉफ्टवेअरमधलं वाद्य आवाज तयार करतं आणि तो बफरमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या साठ्यात, भरून तुकड्यातुकड्यांनी बाहेर सोडतं. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाची एकेक मोजणी, असताना २५६ सॅम्पलच्या बफरला सुमारे ६ मिलिसेकंद लागतात, १०२४च्या बफरला २३. ड्रायव्हरचा, म्हणजे संगणक आणि साउंडच्या उपकरणात दुवा ठेवणाऱ्या प्रोग्रामचा, वेळ वेगळा. ६ मिलिसेकंदांत आवाज हवेतून दोन मीटर जातो. स्पीकर तेवढा लांब असला तर कुणी कुरकुरत नाही. तेविसाच्या पुढे मात्र हात अडखळतो. ब्लूटूथ हेडफोन तर रेकॉर्डिंगला घेऊच नयेत, त्यांचा उशीर अनेकदा शंभराच्या वर असतो.

आता गंमत अशी, की लयीचा पक्का माणूसच इथे जास्त फसतो. आवाज उशिरा येतो हे कानाला कळतं आणि हात नकळत लवकर पडू लागतो, म्हणजे ऐकू येणारा सूर क्लिकवर बसावा. सॉफ्टवेअर मात्र पट्टी दाबल्याची वेळ लिहितं. म्हणून नोटा आधी.

पडताळा सोपा आहे. ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे वाजवताना सॉफ्टवेअरमधून ऐकू येणारा आवाज, बंद करा आणि कीबोर्डचा स्वतःचा आवाज, नाहीतर पट्ट्यांची टकटक ऐकत वाजवा. नोटा जागेवर आल्या, तर बफर १२८ किंवा ६४वर आणा आणि मास्टरवरचा, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथला, लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा प्लगिन) काढून ठेवा. पुढचं आधी बघून काम करणारे असे प्लगिन सगळ्यालाच उशीर लावतात, आणि ते तिथे आहेत हे लक्षातही राहत नाही. मिक्सिंगच्या वेळी बफर खुशाल वाढवावा.

तरीही नोटा सरकलेल्याच असतील, तर घड्याळांकडे वळावं. क्लिकसुद्धा कानापर्यंत उशिरा पोचतो; ड्रायव्हरने सांगितलेल्या आकड्यावरून सॉफ्टवेअर तो उशीर वजा करतं. ड्रायव्हरने आकडा कमी सांगितला की नोटा रेघेच्या नंतर पडतात. विंडोजवर मिडीच्या ड्रायव्हरचं घड्याळ आणि सॉफ्टवेअरचं घड्याळ जुळत नाही असंही होतं. क्यूबेससारख्या सॉफ्टवेअरमध्ये सिस्टिमचीच वेळ वापरण्याचा पर्याय त्यासाठीच दिलेला असतो.

चूक ठरावीक आहे की दर नोटेला बदलते, हे एका केबलने कळतं. मिडी इंटरफेसच्या, म्हणजे मिडीची केबल संगणकाला जोडणाऱ्या पेटीच्या, आउटमधून केबल त्याच्याच इनमध्ये घाला, सॉफ्टवेअरकडून सरळ नोटा वाजवून घ्या आणि त्या परत रेकॉर्ड करा. सगळ्या सारख्याच सरकल्या असतील, तर ट्रॅकला तेवढे मिलिसेकंद मागे-पुढे केलं की झालं. विखुरल्या असतील तर असा एक आकडा सापडणारच नाही. यूएसबी हब काढून, दुसरा पोर्ट किंवा दुसरा इंटरफेस लावून पाहावं.

नोटा आपोआप जवळच्या रेघेवर बसवणारं क्वांटाइझचं बटण आधीच दाबू नये, असं माझं मत. १२० टेम्पोला, म्हणजे मिनिटाला १२० ठोके असताना, चार ठोक्यांच्या सोळाव्या भागाच्या दोन रेघांत १२५ मिलिसेकंदांचं अंतर असतं. चूक त्याच्या निम्म्याहून जास्त असली, तर नोट शेजारच्या रेघेवर जाऊन बसते. शिवाय हाताने वाजवलेल्या केरव्याचं झुलणंही त्यात जातं.

कधीकधी उलटंही होतं: नोटा रेघेवर अगदी चोख, पण कानाला मागे. व्हायोलिनच्या ताफ्यासारखे हळू उमलणारे आवाज असे वागतात. तिथे पडदा झाकून ट्रॅक थोडा आधी सुरू होईल असा सरकवावा.