१५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा: तेल घेताना १,३५० ग्रॅमचा फरक

नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किराणा दुकानात तेलाचे दोन डबे शेजारी ठेवलेले असतात. उंची-रुंदीवरून काही कळत नाही. एकाचा भाव २,४०० रुपये, दुसऱ्याचा २,२५०. (दर इथे उदाहरणापुरते घेतले आहेत. ते रोज बदलतात, हिशेबाची रीत बदलत नाही.) महिन्याचा किराणा शे-दोनशे रुपयांवर अडत असेल, तर हात साहजिकच २,२५० च्या डब्याकडे जातो. आणि तोच महाग पडतो, कारण पहिल्या डब्यात १५ किलो तेल आहे आणि दुसऱ्यात १५ लिटर.

तेल पाण्यापेक्षा हलकं. फल्ली (शेंगदाणा), सोयाबीन, सूर्यफूल, राइस ब्रान, कोणतंही घ्या, एका लिटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३ किलो ६५० ग्रॅम तेल आणि १५ किलोच्या डब्यात जवळपास साडेसोळा लिटर. आता भाव काढा. २,४०० भागिले १५ म्हणजे किलोला १६० रुपये. २,२५० भागिले १३.६५ म्हणजे किलोला जवळजवळ १६५. दीडशे रुपये वाचले असं वाटलं, पण १६० च्या भावाने तेवढं तेल २,१८४ रुपयांतच आलं असतं. ६६ रुपये उलट जास्त गेले.

दुकानात उभ्या उभ्या भागाकार करायची गरज नाही. लिटरच्या भावात त्याचाच दहावा हिस्सा मिळवला की किलोचा भाव निघतो: १५० रुपये लिटर म्हणजे १६५ रुपये किलो. उलट जायचं असेल तर किलोच्या भावातून नऊ टक्के वजा करा. कुटुंबातला जो कुणी बाजारात जातो त्याला एवढी एक गोष्ट पाठ असली तरी पुरे.

भाव विचारतानाही नेमकं विचारावं. "भाऊ, डबा कसा दिला?" या प्रश्नाला नुसता आकडा येतो. "हा डबा किलोचा की लिटरचा, आणि नेट वेट (डबा सोडून नुसत्या तेलाचं वजन) किती?" असं विचारलं की दुकानदार स्वतःच डबा फिरवून लेबल दाखवतो. लेबलवर मोठ्या अक्षरात १५ लिटर असतं आणि जवळच बारीक अक्षरात ग्रॅम किंवा किलो. आपल्याला वाचायचंय ते बारीक. १५ च्या आसपासचा मोठा आकडा दिसला म्हणून गृहीत धरू नका. १३ किलोच भरलेले डबेही त्याच रांगेत उभे असू शकतात.

पाकिटांचा घोळ याहून मोठा आहे. पूर्वी खाद्यतेल ठरावीक मापांच्या पाकिटांतच विकावं लागायचं. ते बंधन २०२२ मध्ये उठलं आणि ८५० किंवा ८०० ग्रॅमची पाकिटं दिसू लागली. हातात घेतल्यावर ती लिटरच्या पाकिटासारखीच वाटतात. लिटरचं पाकीट १४८ रुपयांना आणि ८५० ग्रॅमचं १४२ ला मिळत असेल, तर पहिलं किलोला १६३ च्या आत पडतं आणि दुसरं १६७ ला. सहा रुपये कमी देऊन किलोमागे चार रुपये जास्त.

पाकिटावर आता एककाचा विक्रीदर छापणं बंधनकारक आहे: किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅमला, जास्तीच्यावर दर किलोला. उपयोगी आहे, पण दोन अडचणी आहेत. एका कंपनीचा दर मिलिलिटरला आणि दुसरीचा ग्रॅमला असला, तर ते थेट शेजारी ठेवता येत नाहीत. मिलिलिटरच्या दरात आधी तोच दहावा हिस्सा मिळवावा लागतो. दुसरं म्हणजे हा दर एमआरपीवरून काढलेला असतो आणि तेल एमआरपीला क्वचितच विकलं जातं. ज्या डब्यावर एमआरपी फुगवून छापलेली असते, त्याच्यावर "४०० रुपये सूट" ही पाटी सहज लावता येते. सूट बघू नका. हातातून जाणारे रुपये भागिले नेट वेट, एवढंच बघा.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही इथे संबंध आहे. तेल तापलं की फुगतं, म्हणजे तेच वजन जास्त जागा व्यापतं. सोयाबीन तेलाचा एक लिटर २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतो, तर ६० अंशांना सुमारे ८९३. काही कंपन्या पाकिटावर "६० अंश तापमानाला एक लिटर" असं छापत. तसं छापलं की कमी तेलातही लिटर पूर्ण होतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांना सांगितलं की तापमानाचा उल्लेख काढा आणि मापाबरोबर वजनही द्या. किलोने घेतलेलं तेल मात्र मे महिन्यातल्या ४५ अंशांत घ्या की डिसेंबरच्या थंडीत, तेवढंच असतं.

दोन-तीन घरं मिळून एक डबा घेतात, ही पद्धत फार चांगली आहे. फक्त वाटणी मापाने करू नये. १५ किलोचा डबा तिघांत वाटायचा म्हणून पाच लिटरचे तीन कॅन भरले, तर प्रत्येकाला ४ किलो ५५० ग्रॅम मिळतं आणि डब्याच्या तळाशी १ किलो ३५० ग्रॅम उरतं. हे ज्याच्या घरी डबा असतो त्याच्याकडेच राहतं, आणि कुणाच्या मनात काही नसतानाही पुढे कुरबूर होते. पाच किलो तेल पाच लिटरच्या कॅनमध्ये मावतच नाही, त्याला साडेपाच लिटरची जागा लागते. म्हणून वजनकाट्यावर रिकामा कॅन ठेवून काटा शून्यावर आणा, आणि कॅनबरोबर एक बाटली घेऊन प्रत्येकाचे पाच किलो पुरे करा. थंडीत तेल घट्ट होतं, तेव्हा डबा तासभर उन्हात ठेवून मग तिरका करून निथळवला की तळाचं तेलही निघतं.

एकट्याने अख्खा डबा घ्यावा का, हे खपावर ठरवा. चार माणसांच्या घरात महिन्याला अडीच ते तीन किलो तेल लागतं असं धरलं, तर १५ किलोचा डबा पाच ते सहा महिने चालतो. झाकण फोडल्यावर इतके दिवस ते तेल चांगलं राहत नाही. डबा जसजसा रिकामा होतो तशी आत हवा वाढते, आणि मार्च ते जूनच्या उष्म्यात तेलाला खवट वास लवकर येतो. खवट झालेला शेवटचा दोन किलो टाकून द्यावा लागला, तर डब्यावर वाचवलेले सगळे पैसे गेले. म्हणून छोट्या घराने उन्हाळ्यात पाच किलोच्या वर घेऊ नये. मोठा डबा दिवाळीच्या आधी घ्यावा. चकल्या, शंकरपाळे, चिवडा यांत तो झपाट्याने अर्धा होतो आणि उरलेला थंडीत संपतो. डबा फोडला की लगेच तेल स्टीलच्या कोरड्या बरण्यांत काठोकाठ भरून अंधाऱ्या जागी ठेवा. रोजच्या किटलीत जुनं तेल तळाशी असताना वरून नवं ओतू नका. त्या जुन्या थरामुळे नवंही लवकर बिघडतं.

खप आवाक्यात ठेवायला आठवड्याची बाटली हा सगळ्यांत खात्रीचा उपाय आहे. रविवारी एक लिटरच्या बाटलीत दोन तृतीयांशापर्यंत तेल भरा. ते सुमारे ६०० ग्रॅम होतं, महिन्याला २ किलो ६०० ग्रॅम. वडाभात करायचा आणि वरून हिंग-मिरचीचं तेल घ्यायचं, तर ते याच बाटलीतून. गुरुवारीच बाटली संपत असेल, तर तळण किती वेळा झालं हे आपोआप समोर येतं.

तूप घेतानाही हीच खबरदारी घ्यावी. लिटरच्या डब्यात साधारण ९०५ ग्रॅम तूप असतं, तेव्हा किलोच्या डब्याशी थेट तुलना करू नये. तांदळाच्या बाबतीत वेगळं: २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पोत्यांवर जुलै २०२२ मध्ये जीएसटी लागला, तेव्हापासून २६ किलोची पोतीही येऊ लागली. कोलम असो की एचएमटी, भाव पोत्याचा न विचारता किलोचा विचारावा.

डबा घेताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात. एकदा वापरलेला पत्र्याचा डबा पुन्हा तेल भरायला वापरायला बंदी आहे. म्हणून झाकणाशी डागडुजी केलेला, जुन्या लेबलाचे तुकडे चिकटलेला किंवा आतून गंज असलेला डबा घेऊ नका. आणि समोर सूर्यफुलाचं चित्र असलं तरी मागे "मिश्र खाद्यतेल" लिहिलेलं असेल, तर त्यात कोणतं तेल किती टक्के आहे ते वाचून मगच शुद्ध तेलाच्या भावाशी तुलना करा.

वजनाची शंका आली तर दुकानातच डबा काट्यावर ठेवायला सांगा. रिकामा डबा साधारण किलोभराचा असतो, म्हणून १५ किलोचा भरलेला डबा १६ च्या आसपास दिसायला हवा. १५ च्या जवळ दिसला तर झाकण फोडू नका. बिलावर कंपनीचं नाव आणि किलो की लिटर हे लिहून घ्या, डब्याच्या लेबलचा फोटो काढा. तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.