अध्ययन अक्षमता आणि लायसन : आठवीच्या अटीपासून पडद्यावरच्या परीक्षेपर्यंत

डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अध्ययन अक्षमता, असलेल्याने गाडी चालवू नये, असं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. १९८९ च्या केंद्रीय नियमांतही नाही. तरी जळगाव, धुळे, नंदुरबारकडे असे तरुण भेटतात की ज्यांच्या हाताखाली ट्रॅक्टरची ट्रॉली अरुंद गल्लीतून सरळ मागे जाते आणि खिशात लायसन नसतं. अडतं ते कागदापाशी. तो कागद कधी आडवा आला आणि आज त्यातलं काय उरलं आहे, त्याची ही पार्श्वभूमी.

कच्च्या लायसनच्या अर्जाला जोडायचा नमुना १ म्हणजे प्रकृतीबद्दलची स्वतःची घोषणा. फिट येते का, २५ मीटरवरून नंबरप्लेट दिसते का, हातापायात दोष आहे का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का, असे त्याच्या मूळ मसुद्यातले प्रश्न नेमके होते. शेवटचा मात्र मोघम: आपलं वाहन चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा इतर काही आजार किंवा अक्षमता आहे का? घरात दिव्यांग प्रमाणपत्र असलेले पालक इथे घाबरून ‘हो’ लिहितात आणि अर्ज तिथेच अडकतो. हा प्रश्न नुसत्या अक्षमतेबद्दल विचारत नाही, धोका निर्माण करणाऱ्या अक्षमतेबद्दल विचारतो. वाचन, लेखन किंवा गणितातली अक्षमता त्यात बसत नाही. फिटचा प्रश्न वेगळा. बौद्धिक अक्षमता आणि ऑटिझममध्ये फिटचा त्रास सोबत असण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि गोळ्या चालू असल्या तरी ते लपवणं चूकच. बुद्ध्यांकाची कोणतीही रेषा नियमांत आखलेली नाही. वयाची चाळिशी उलटलेल्यांना आणि व्यावसायिक वाहनांसाठी लागणाऱ्या नमुना १-अ मध्ये डॉक्टरांना फिट, चक्कर आणि चालवण्यावर परिणाम करणारा मानसिक आजार यांबद्दल मत द्यायचं असतं. अध्ययन अक्षमता हा मानसिक आजार नव्हे, हे तिथे ठामपणे सांगावं.

नमुन्यातल्या नेमक्या प्रश्नांवर लोक लढले आणि ते प्रश्न सैल झाले. कर्णबधिरांना चाचणी देऊ द्या, असं दिल्लीतल्या न्यायालयाने २०११ मध्ये म्हटलं. २०१६ मध्ये केंद्राने राज्यांना तशा सूचना दिल्या. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांसाठी २०२० मध्ये नमुनेच बदलले. अध्ययन अक्षमतेच्या वाट्याला असं भांडण आलं नाही, कारण भांडायला तसा प्रश्नच कागदावर नव्हता.

शाळेच्या बाजूने महाराष्ट्र पुढे होता. दहावीला जादा वेळ, लेखनिक, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित अशा सवलती राज्यात १९९६ पासून आहेत. पण सुरुवातीची बरीच वर्षं त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र मुंबईतल्या मोजक्या सरकारी रुग्णालयांतून मिळे. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा किंवा धडगावच्या बापाला मुंबईच्या फेऱ्या परवडण्यासारख्या नव्हत्या. त्याला लायसनसाठी धुळ्याला जाणंही जड होतं, कारण १ जुलै १९९८ पर्यंत नंदुरबार हा जिल्हाच नव्हता. १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६ च्या कायद्याने यादी २१ वर नेली तेव्हा ती आली, आणि हा कायदा १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तपासणी वयाच्या आठव्या, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी ठरवली. अठराव्याचं प्रमाणपत्र कायमचं. लायसनचं वयही तेच, पण दोन्ही खात्यांनी या गोष्टीची सांगड घातलेली नाही.

खरी कोंडी झाली १० एप्रिल २००७ ला. केंद्रीय नियमांतला नियम ८ बदलून व्यावसायिक वाहनाच्या लायसनसाठी किमान आठवी उत्तीर्ण ही अट आली. ज्यांच्याकडे ते लायसन आधीपासून होतं, त्यांचं नूतनीकरण चालू राहिलं. म्हणजे एकाच घरात चौथी शिकलेला थोरला भाऊ धुळ्याहून सुरतेला कायदेशीर ट्रक नेऊ शके आणि सहावीत शाळा सुटलेल्या धाकट्याला तेच स्टेअरिंग बंद. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. रावेर-यावलची केळी, शिरपूर-शहाद्याचा माल, ऊसतोडीच्या टोळ्या, सगळं गाडीवर चालतं. अशा मुलखात ड्रायव्हरकी म्हणजे शेतीबाहेरचा पहिला रोजगार. वाचता येत नाही म्हणून मास्तरांचा मार खाऊन शाळा सोडलेल्या मुलाला हाच एक धंदा हाताने शिकता येत होता, आणि त्याच्याच दारात शाळेचा दाखला येऊन बसला.

अटीच्या बाजूने मांडणी अशी होती: व्यावसायिक चालकाला फलक, कागदपत्रं, धोकादायक मालाच्या सूचना वाचता आल्या पाहिजेत. गरज खरी आहे, पण आठवीचा दाखला ती सिद्ध करत नव्हता. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं थांबलं. त्यानंतर आठवी उत्तीर्ण म्हणजे आठवीपर्यंत पटावर राहिलेला, एवढाच अर्थ उरला. डिस्लेक्सिया असलेला पण शाळेत टिकलेला मुलगा न वाचताही पात्र ठरला. ऊसतोडीला आईबापामागे गेलेला किंवा २०१० आधीच शाळा सुटलेला अपात्र राहिला. अटीने वाचन मोजलं नाही, हजेरी मोजली.

मग तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या आणि आजही लोक त्यांची सरमिसळ करतात. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ७,५०० किलोपर्यंतच्या हलक्या व्यावसायिक वाहनाला हलक्या वाहनाचं साधं लायसन पुरे, वेगळी नोंद नको. त्या साध्या लायसनला शिक्षणाची अट कधीच नव्हती. त्यामुळे छोटा हत्ती आणि काळी-पिवळी या निकालाने, मागच्या दाराने का होईना, मोकळ्या झाल्या. पुढे मे २०१९ मध्ये राजस्थानातल्या उच्च न्यायालयाने अगदी उलट सूर लावला: निरक्षर माणूस फलक वाचू शकत नाही, तो पादचाऱ्यांना धोका आहे, त्याचं लायसन काढून घ्या. जेमतेम महिन्याच्या आत, जूनमध्ये केंद्राने नियम ८ मधली अट काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला आणि त्याच वर्षी ती गेली. कारण दिलं गेलं ते बेरोजगारी आणि सुमारे २२ लाख चालकांच्या तुटवड्याचं. अध्ययन अक्षमतेचा विचार करून हे घडलं नाही, पण सर्वात मोठा दिलासा याच गटाला मिळाला. २०१७ चा निकाल मोठ्या पीठाकडे गेला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी तो कायम केला. प्रवासी वाहतुकीचा बॅज हा राज्याच्या नियमांचा वेगळा भाग आहे, त्याची चौकशी स्वतंत्र करावी. एजंट अजूनही ‘आठवीचा दाखला आण’ म्हणत असेल, तर त्याची माहिती जुनी आहे.

आता वाचनाचा अडथळा कच्च्या लायसनच्या संगणकावरच्या परीक्षेत, म्हणजे पडद्यावर आहे. संगणक येण्यापूर्वी निरीक्षक तक्त्यावरच्या चिन्हावर बोट ठेवून तोंडी विचारत. हल्ली १५ पैकी ९ उत्तरं बरोबर लागतात, आणि प्रत्येक प्रश्नाला मोजके सेकंद. भाषा पुस्तकी मराठी. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्याला ती दुहेरी जड जाते. वाचून दाखवणारा माणूस किंवा जादा वेळ यांचा मोटार वाहन नियमांत उल्लेख नाही. २०१६ च्या कायद्यातल्या वाजवी सोयींच्या तत्त्वावर लेखी अर्ज करता येतो, तो चाचणीच्या दिवसाआधी आणि प्रमाणपत्राची प्रत जोडून करावा. जून २०२१ पासून आधारच्या आधारे घरून परीक्षा देता येते. गर्दीत गांगरणाऱ्या मुलाला हे सोयीचं आहे. पण शेजारी बसून काकाने उत्तरं टिपली, तर ते मूल फलक न ओळखताच महामार्गावर येतं. हा मार्ग कुणीही धरू नये.

तयारी फलकांच्या आकारापासून करावी. लाल काठाचा गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे पुढे सावध, निळा चौकोन म्हणजे माहिती. हे तीन गट पक्के झाल्याशिवाय आतल्या चित्राकडे जाऊ नये. जोडीची चिन्हं एका दिवशी शिकवली की हमखास गडबड होते: डावीकडे वळण्यास मनाई आणि उजवीकडे वळण्यास मनाई, फाटक असलेलं आणि नसलेलं रेल्वे क्रॉसिंग. एक आज, दुसरं चार दिवसांनी. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची क्रॉसिंग २०१९ च्या सुरुवातीलाच संपली, त्यामुळे मुलाला ती दाखवायला मिळत नाहीत. चित्रावरूनच शिकवावं लागतं.

डावं-उजवं उलटं होणाऱ्यांसाठी ट्रकवाल्यांची बोली उत्तम चालते. ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ म्हटलं की विचार करावा लागत नाही, कारण स्वतः कुठे बसलो आहोत ते अंगाला ठाऊक असतं. एका वेळी एकच सूचना द्यावी. ‘पुढच्या चौकात वळून पंपापाशी थांब’ या दोन सूचना झाल्या, आणि दुसरी ऐकेपर्यंत पहिली निसटते. हालचालींचा मेळ बसायला वेळ लागत असेल, तर पहिले काही धडे सपाट मैदानात फक्त क्लचचे: ॲक्सिलरेटरला पाय न लावता हाफ क्लचवर गाडी हळू सरकवायची आणि थांबवायची. हे न करता थेट गिअर शिकवले की गाडी धक्के खाऊन बंद पडते, मागून हॉर्न वाजतात आणि शिकणारा हात-पाय आखडून बसतो. आकड्यांचा गोंधळ होणाऱ्यासाठी स्पीडोमीटरवर ४० पाशी रंगीत टेपची खूण पुरते. ड्रायव्हिंग स्कूलने साध्या वाहनासाठी किमान २१ दिवस आणि १० तास प्रत्यक्ष चालवणं द्यायचं असतं. अशा शिकाऊला दुप्पट तास धरावेत, तेही अर्ध्या-अर्ध्या तासाचे. लळिंग किंवा चांदसैलीच्या घाटाची घाई करू नये.

गिअर अजिबात जमत नसतील तर ऑटोमॅटिक कार घ्यावी. दुचाकीत गिअरची आणि बिनगिअरची असे लायसनचे वेगळे वर्ग आहेत, हलक्या चारचाकीत तसे नाहीत.

कच्च्या लायसननंतर ३० दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते. कच्चं सहा महिने चालतं. तेवढ्यात तयारी होणार नाही असं दिसलं, तर घाईने ट्रॅकवर नेण्यापेक्षा नवं कच्चं काढलेलं बरं. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा येता येतं. तीनदा नापास झालं, तर ६० दिवस थांबावं लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमधून उपचारात्मक प्रशिक्षणही घ्यावं लागतं.