टाकाऊ प्लास्टिकचा गट्टू : घेण्याआधी आणि बसवण्याआधी

हा गट्टू दिसायला सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकसारखा असला, तरी त्यात सिमेंटचा कणही नाही. दगडाची बारीक कच धरून ठेवण्याचे काम इथे वितळलेले प्लास्टिक करते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारी गवंड्याने तो सिमेंटचा समजून बसवल्याच्या असतात. म्हणून हे पत्रक त्यालाही वाचायला द्या.

आत काय आहे

वजनाने ३० टक्के प्लास्टिक, ६० टक्के खडी क्रशरची बारीक कच आणि १० टक्के भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राची राख. प्लास्टिक कोणते? भंगारवाला ज्याला हात लावत नाही ते. वेफर-चिवड्याची चमकदार पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, बंदी असूनही जागोजागी सापडणाऱ्या गुटख्याच्या पुड्या, शेतात वाफ्यांवर अंथरलेला, मातीने माखलेला मल्चिंग पेपर, रावेर-यावलकडच्या केळीच्या घडांवरून उतरलेल्या फाटक्या स्कर्टिंग बॅगा.

चमकदार पाकीट एका प्लास्टिकचे नसते. दोन-तीन प्रकारचे पापुद्रे आणि कधी अॅल्युमिनियमचा पातळ थर एकमेकांना चिकटवलेला असतो. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून त्याचा पुन्हा वापरायचा चांगला प्लास्टिक दाणा होत नाही. आमच्या कामात मात्र ते चालून जाते. मिश्रण १९० ते २०० अंशांवर तापते, तेव्हा पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन वितळून कच धरतात. पेट जातीचा (पाण्याच्या बाटलीच्या प्लास्टिकचा) पापुद्रा २५० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून तो तसाच राहतो आणि खड्यासारखा आत बसतो. असे न वितळणारे तुकडे वाढले की गट्टू भुसभुशीत होतो. त्यामुळे चमकदार पाकिटांचे प्रमाण आम्ही एकूण प्लास्टिकच्या चौथ्या हिश्श्यावर जाऊ देत नाही.

टाकाऊ प्लास्टिक आमच्याकडे आणून देत असाल, तर फ्लेक्स कृपया आणू नका. वाढदिवसांचे आणि निवडणुकांचे फ्लेक्स लोक गठ्ठ्याने घेऊन येतात, पण ते पीव्हीसीचे असतात. तापल्यावर त्यातून आम्लाचा वायू निघतो. तो कामगाराच्या छातीला वाईट आणि मशीनचे लोखंडही खातो. पीव्हीसी पाइप आणि वायरची साल यांचेही तेच. कपाशीवरच्या फवारणीच्या रिकाम्या बाटल्या धुतल्या असल्या तरी नकोत. दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या भंगारवाल्याला द्या, त्याचे तो पैसे देतो.

मल्चिंग पेपर झटकून, वाळवून आणा. ओल राहिली की साच्यात वाफ होते आणि गट्टूच्या पोटात पोकळ्या राहतात. माल घेताना एक गट्टू आमच्यासमोर फोडून बघा. आत एकसारखा राखाडी रंग आणि बारीक कच दिसली पाहिजे. वाटाण्याएवढी भोके किंवा पाकिटाचे अख्खे रंगीत तुकडे दिसले, तर ती खेप उचलू नका.

मापाचे म्हणाल तर २०० बाय १०० बाय ६० मिमी, वजन सुमारे २ किलो. त्याच मापाचा सिमेंटचा गट्टू पावणेतीन किलोच्या पुढे जातो. मधली फट न धरता १०० चौरस फुटांना ४६५ लागतात, तूटफूट धरून ४९० मागवा. एवढ्या अंगणात साधारण २८० किलो प्लास्टिक जिरते. रंग काळपट राखाडी एवढाच. उन्हाने प्लास्टिक पांढरट पडून भुरभुरते, ते रोखायला काजळी घालावी लागते. लाल-पिवळा आम्ही मुद्दाम करत नाही, कारण आपल्याकडच्या दोन उन्हाळ्यांत त्याची रया जाते.

बसवताना

काळ्या जमिनीवर थेट बसवू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे सगळे हलवते. निदान एक फूट काळी माती काढा आणि मुरूम ६-६ इंचांच्या दोन थरांत पाणी मारून दाबा. वर दीड इंच कच पसरून पट्टीने सारखी करा. उतार दर ८ फुटांना २ इंच ठेवा. कडेला कर्ब (ओळी धरून ठेवणारा काठाचा दगड) बसवलाच पाहिजे, नाहीतर ओळी बाहेर सरकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. प्लास्टिक उष्णतेने सिमेंटच्या कित्येक पट फुगते. डिसेंबरच्या थंडीत घट्ट ठोकून बसवलेले अंगण मे महिन्यात ४५ अंशांत मधोमध पापडासारखे उचलले जाते. १० फुटांच्या ओळीत अर्धा ते एक सेंमी वाढ धरा. दोन गट्टूंमध्ये ३ मिमी फट ठेवून त्यात कोरडी बारीक वाळू भरा. भिंत आणि कर्बच्या बाजूने १० मिमी जागा मोकळी सोडा. तिथे सिमेंटचा माल भरू नका. नेमके तेच गवंडी सवयीने करतो, काम साफ दिसावे म्हणून.

कापायला दगड कापायचे ग्राइंडर लावले की कड वितळते आणि पाते चिकटते. लाकूड कापायचे दातेरी पाते लावून सावकाश कापा. गट्टू दाबून बसवायच्या मशीनखाली (प्लेट व्हायब्रेटर) रबरी मॅट घाला.

कुठे चालेल, कुठे नाही

अंगण, पायवाट, ओटा, दुचाकी आणि चारचाकीची जागा, सगळीकडे चालेल. गोठ्यात तर जास्तच चांगला. गोमूत्राने आणि शेणाने सिमेंटचा गट्टू हळूहळू झिजतो, हा झिजत नाही. मात्र तिथे खडबडीत पाठीचाच घ्या, नाहीतर ओल्यात जनावर घसरते.

केळीने भरलेली ट्रॉली जिथे उन्हात दोन-तीन दिवस एकाच जागी उभी राहते, तिथे तो घेऊ नका. तापलेला गट्टू जड चाकाखाली हळूहळू दबतो आणि तो खळगा परत भरून येत नाही. भार पेलणाऱ्या भिंतीलाही हा नाही. सिमेंटच्या पेव्हरचे आयएस १५६५८ हे मानक याला लागू होत नाही, त्यामुळे सरकारी कामाच्या निविदेत ते मानक मागितले असेल तर आमचा माल धरू नका.

आणि विस्तव! भरताची वांगी पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) भाजता ती जागा, चूल, होळीची जागा यांपासून निदान ५ फूट लांब बसवा. निखारा पडला तर डाग पडतो आणि जाळ लागला तर गट्टू पेटतो. तुटलेला गट्टू शेकोटीत टाकू नका, परत आणा. तो दळून पुन्हा मिश्रणात जातो.