बायकोच्या नावावर ठेव ठेवली की टॅक्स वाचतो?

लग्नाचा हॉल सोडायच्या आधीच कोणीतरी काका नवरदेवाला सांगतात, "पैसे सूनबाईच्या नावावर टाक, तिचं उत्पन्न नाही, टॅक्स लागणार नाही." कोल्हापूरच्या राजारामपुरीपासून कागलपर्यंत हा सल्ला अजून ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

नवऱ्यानं बायकोला पैसे दिले तर त्या देण्यावर कर नाही, हे खरं. पण त्या पैशांवर मिळणारं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ६४ हेच सांगतं, आणि २०२५च्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे.

समजा, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी करणाऱ्यानं बायकोच्या नावे पाच लाख ठेवले, व्याज सात टक्के. वर्षाचे ३५,००० रुपये त्याच्या रिटर्नमध्ये जातील. बँकेनं टीडीएस (व्याज देतानाच कापून घेतलेला कर) कापला नाही म्हणून ते करमुक्त होत नाहीत. मात्र तेच ३५,००० तिनं पुन्हा गुंतवले, तर त्यावरचे २,४५० तिचे.

लग्नात तिला माहेरून आणि पाहुण्यांकडून मिळालेला आहेर आणि माहेरचं सोनं यांचं गणित वेगळं आहे. त्या भेटी करमुक्त असतात आणि त्यांवरचं उत्पन्नही तिचंच. तिचा पगारही अर्थातच तिचा. म्हणून आहेराची रक्कम पहिल्या दिवसापासून तिच्या स्वतंत्र खात्यात ठेवा, नवऱ्याच्या पैशात मिसळू नका.

तिच्या पीपीएफमध्ये (सरकारी भविष्य निर्वाह खात्यात) नवऱ्यानं पैसे भरले तरी व्याज करमुक्तच असतं, त्यामुळे तिथं ही अडचण येत नाही. मर्यादा वर्षाला दीड लाख.