उसना वेग : वेलिगामाच्या किनाऱ्यावर सर्फिंगचा पहिला धडा

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, गॉल आणि मातरा या दोन शहरांच्या मधे, वेलिगामा हे मासेमारांचं गाव आहे. सिंहली भाषेत या नावाचा अर्थ वाळूचं गाव. आपली ‘वाळू’ आणि आपलं ‘गाव’ ज्या मुळांपासून आले, त्याच मुळांपासून हे नावही आलं आहे. इथल्या अर्धगोल किनाऱ्यावर पाण्याखाली मुख्यतः वाळूच लागते, उतार मंद आहे आणि बरंच आत चालत गेलं तरी पाणी छातीवर चढत नाही. आयुष्यात पहिल्यांदा बोर्डावर उभं राहायला ही जागा उत्तम का, हे तिथे येणाऱ्या लाटेचा प्रवास पाहिला की कळतं.

ही लाट वेलिगामाजवळ जन्मलेली नसते. दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात वर्षभर वादळं घोंगावत असतात. तिथला वारा पाण्याला जी ऊर्जा देतो, ती लांबलचक लाटांच्या रूपात उत्तरेकडे निघते. वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत मोजणी केंद्रं मांडून अशा लाटांचा माग काढला, तेव्हा दक्षिणेतल्या वादळाच्या लाटा दहा हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून पोहोचताना दिसल्या. वेलिगामा त्या मानाने जवळ आहे, साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. दोन लाटांमध्ये १४ सेकंदांचं अंतर असेल, तर अशा लाटांचा थवा खोल समुद्रात ताशी सुमारे ४० किलोमीटरने सरकतो. म्हणजे सोमवारी तुमच्या बोर्डाखाली आलेली लाट आदल्या आठवड्यातल्या मंगळवारच्या वादळाची असते. केरळच्या किनाऱ्यावर वारा पडलेला असताना अचानक समुद्र आत घुसतो, ज्याला तिथले मच्छीमार ‘कल्लकडल’ म्हणतात, तेही याच दक्षिणेच्या लाटांचं काम. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था त्याचे इशारे देते.

किनारा जवळ आला की लाटेला तळ जाणवू लागतो. ती मंदावते, मागची ऊर्जा पुढच्या पाण्यावर चढते आणि लाट उंच होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली, की तिचा माथा पायाच्या पुढे जातो आणि ती फुटते. कमरेइतकी, म्हणजे सुमारे ८० सेंटिमीटर उंचीची लाट छातीपेक्षा कमी पाण्यात फुटेल, असा हिशोब यातून निघतो. तळ झपकन उथळ होत असेल तर माथा कमान करून धाडकन कोसळतो. उतार मंद असेल तर तो वरून ओघळत, फेसाळत पुढे येतो. वेलिगामाची लाट बहुधा ओघळणारी असते आणि शिकणाऱ्याला तीच हवी.

नोव्हेंबर ते एप्रिल हा इथला हंगाम. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे समोरून येऊन लाटांचा चुथडा करतात; तेव्हा शिकणारे पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बे भागाकडे जातात. हंगामातही वेळ सकाळची घ्यावी. शाळेत भूगोलात शिकलेले मतलई वारे इथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. रात्री जमीन थंड झाल्यामुळे पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. दुपारी खारे वारे सुरू झाले की पाणी खडबडीत होतं. भरती-ओहोटीची मात्र मुंबईसारखी काळजी नको. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, इथे सारा फरक अर्ध्या-पाऊण मीटरचा.

आता मुख्य गोष्ट. छातीभर पाण्यात फुटलेल्या लाटेचा फेसाळ लोट, सर्फिंगच्या भाषेत व्हाइट वॉटर, सेकंदाला तीन मीटरच्या थोडा वर, म्हणजे ताशी ११-१२ किलोमीटरने पुढे सरकतो. बोर्डावर पालथं पडून दोन्ही हातांनी पाणी मारणारा नवखा माणूस सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो. लाट पकडायची तर ही तफावत भरून निघायला हवी, नाहीतर ती तुमच्याखालून निघून जाते. खासगी धड्यात तुम्ही पैसे मोजता ते मुख्यतः या तफावतीसाठी. प्रशिक्षक कमरेभर पाण्यात तुमच्या मागे उभा राहतो, लाट निवडतो आणि नेमक्या क्षणी बोर्डाच्या शेपटीला ढकलतो. तो वेग उसना असतो. तो कधी परत करायचा, हे धडा ठरवतानाच बोलून घ्यावं. त्याकडे शेवटी येऊ.

गटात सहा जणांमागे एक प्रशिक्षक असेल तर सहातली एक लाट तुमच्या वाट्याला येते. एकट्याच्या धड्यात पाण्यातल्या तासाभरात, आत चालत जाणं आणि बोर्ड वळवणं धरून, एका लाटेला अडीच मिनिटं लागतात, म्हणजे वीस-पंचवीस लाटा. प्रत्येक लाटेवर आठ सेकंद उभं राहता आलं तरी दिवसभरातला एकूण ‘उभा’ वेळ तीन मिनिटांच्या आसपास. इतक्या थोड्या सरावात चूक कोणती झाली हे लगेच, पुढच्या लाटेआधी सांगणारं माणूस जवळ असणं फार मोलाचं आहे. म्हणून ठरवताना एवढं विचारा: प्रशिक्षक सारा वेळ पाण्यात माझ्याजवळ असेल का, त्याला जीवरक्षणाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आहे का, आणि बोर्ड मऊ फोमचा आहे का?

बोर्ड मऊ असावा तो डोक्यासाठी, आणि मोठा असावा तो तरंगण्यासाठी. आठ फुटी फोम बोर्डाचं आकारमान ८० लिटर असेल, तर पूर्ण बुडाल्यावर तो सुमारे ८२ किलोचा भार उचलतो. ७० किलोचा माणूस आणि बोर्डाचं स्वतःचं सहा-सात किलो वजन त्यात बसतं. ९० किलोच्या माणसाने नऊ फुटी, शंभर लिटरच्या आसपासचा बोर्ड मागावा. सराईतांचा तीस लिटरचा आखूड बोर्ड नवख्याखाली थांबलेल्या पाण्यात सरळ बुडतो. सराईत माणूस वेगात असतो आणि वेगात पाणीच बोर्डाच्या तळाला वर रेटतं, म्हणून त्याला तो पुरतो. दिसायला देखणा म्हणून लहान बोर्ड घेण्याचा मोह अजिबात नको.

पहिली वीस-पंचवीस मिनिटं वाळूवर जातात आणि ती टाळू नयेत. बोर्डाच्या तळाला मागे तीन फिन, म्हणजे माशाच्या परांसारख्या उभ्या पट्ट्या, असतात. त्या मोडू नयेत म्हणून वाळूत खळगा करून त्यात त्या बसवतात, किंवा वाळूत बोर्डाची आकृती काढून तिच्यावरच सराव करतात. डावा पाय पुढे की उजवा, हे आधी ठरतं. कुणी मागून हलकेच ढकललं तर तोल सावरायला जो पाय आपसूक पुढे पडतो तो पुढचा. लीश, म्हणजे बोर्डाला बांधलेली दोरी, मागच्या पायाच्या घोट्याला बांधतात आणि तिचा जोड बाहेरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे दोरी पायात अडकत नाही.

पालथं पडण्याची जागा ही पहिली खरी परीक्षा. फार पुढे पडलात तर लाटेने शेपूट उचलताच बोर्डाचं नाक पाण्यात खुपसतं आणि तुम्ही डोक्यावरून पुढे फेकले जाता. फार मागे पडलात तर नाक आकाशाकडे जातं, शेपूट पाण्याला घासत राहते, वेग येत नाही आणि लाट निघून जाते. शांत पाण्यात नाक पाण्यावर तीन-चार बोटं राहिलं की जागा बरोबर. ती सापडली की हनुवटी बोर्डावरच्या कोणत्या खुणेवर आहे, हे लक्षात ठेवा. पाच सेंटिमीटरचा फरकही लाटेवर लगेच जाणवतो.

उभं राहण्याच्या हालचालीला पॉप-अप म्हणतात. सूर्यनमस्कार घालणाऱ्याच्या शरीराला ती अर्धी ओळखीची असते. तळवे बरगड्यांशेजारी बोर्डावर सपाट टेकवायचे, कडा धरायच्या नाहीत. कडा धरल्या की बोर्ड त्या बाजूला कलतो. भुजंगासनासारखी छाती वर, मग मागचा पाय वळवून आडवा टेकवायचा आणि पुढचा पाय दोन हातांच्या मधे आणायचा, जसा अश्वसंचालनासनात आणतो. हात सोडायचे, गुडघे वाकलेलेच ठेवायचे. पाय बोर्डाच्या मधल्या रेषेवर, खांद्याइतक्या अंतरावर. गुडघ्यांवर थांबू नका. गुडघे टेकले की पाऊल मोकळं नसतं, घोट्याने तोल सावरता येत नाही आणि तिथून उठताना बोर्ड जास्तच डगमगतो.

सर्वांत जास्त पडझड नजरेमुळे होते. पाय बरोबर पडले का हे बघायला माणूस मान खाली घालतो. डोकं चार-पाच किलोचं. ते पुढे झुकलं की पाठ त्याच्यामागे वाकते, शरीराचा गुरुत्वमध्य बोर्डाच्या अरुंद पायाबाहेर जातो आणि पाणी समोर येतं. शिवाय तोल सावरताना मेंदू कानातल्या संतुलन यंत्रणेबरोबर डोळ्यांवरही भिस्त ठेवतो. हलत्या फेसाकडे पाहणाऱ्या डोळ्यांना स्थिर असं काही मिळत नाही. किनाऱ्यावरचं एखादं नारळाचं झाड निवडा आणि त्याच्याकडेच पाहा.

पडणं ठरलेलं आहे, म्हणून ते नीट शिकावं. सूर मारायचा नाही, पायांवर ताठ उडीही नाही, कारण खाली पाणी किती आहे याचा भरवसा नाही. पाठीवर किंवा कुशीवर, हातपाय पसरून, बोर्डापासून बाजूला पसरट पडायचं. वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती, कारण ताणलेली लीश बोर्डाला तुमच्याकडेच ओढून आणते. लाटांमधून आत जाताना बोर्ड शेजारी, नाक समुद्राकडे. स्वतःच्या आणि लाटेच्या मधे तो कधीही आडवा धरू नका. आडव्या बोर्डाचा संपूर्ण पृष्ठभाग लाटेला मिळतो आणि ती तो तुमच्या दातांवर आपटते. लीश बोटाला किंवा मनगटाला गुंडाळणं हाही असाच धोका. एका झटक्यात बोट निखळू शकतं.

किनाऱ्याकडे आलेलं पाणी परत जाताना कुठे कुठे अरुंद पट्ट्यातून जोराने आत ओढतं. लाटा फुटत असताना मधेच जो शांत, गडद पट्टा दिसतो तो बहुधा हाच. अनोळखी माणसाला नेमका तोच सुरक्षित वाटतो, हे लक्षात घ्या. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरवर जाऊ शकतो आणि त्याच्याविरुद्ध कुणीही फार वेळ पोहू शकत नाही. सापडलात तर बोर्ड सोडू नका, एक हात उंच करा, आणि किनाऱ्याला समांतर बाजूला सरका.

एक धोका इतका दुर्मीळ आहे की बरेच जण तो सांगतच नाहीत; पण तो नेमका पहिल्याच धड्याला गाठतो, म्हणून सांगायला हवा. बराच वेळ पालथं पडून पाठ मागे ताणून धरली तर क्वचित कुणाच्या मज्जारज्जूचा रक्तपुरवठा कमी होतो आणि कुठलीही मार-पडझड नसताना पाय लुळे पडू शकतात. हवाईमधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये अशा रुग्णांची पहिली नोंद केली आणि त्याला ‘सर्फर्स मायलोपॅथी’ हे नाव पडलं. यातले बहुतेक रुग्ण तरुण, सडपातळ आणि पहिल्यांदाच सर्फिंग करणारे असतात. पाठीत अचानक कळ आली, पायांना मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाटला, तर त्याच क्षणी पाण्याबाहेर या आणि थेट रुग्णालय गाठा. लघवी होत नसेल तर तेही याचंच लक्षण असू शकतं. खबरदारी सोपी आहे: लाटेची वाट पाहताना पालथं राहू नका, बोर्डावर बसा किंवा पाण्यात उभे राहा, आणि आधी भरपूर पाणी प्या. चाळिशीनंतर पाठीचा जुना त्रास असेल तर प्रशिक्षकाला आधीच सांगा.

कपड्यांचं थोडक्यात. पाणी २८ अंशांच्या आसपास असतं, थंडी वाजत नाही, पण अंगाला घट्ट बसणारा लांब बाह्यांचा टीशर्ट, म्हणजे रॅशगार्ड, हवाच. फोमच्या पृष्ठभागावर पोट आणि छाती तासभर घासली की कातडी सोलवटते, आणि वरून विषुववृत्तालगतचं ऊन. चेहऱ्याला झिंकचं जाड मलम लावावं.

खांदे साधारण तासाभरात थकतात आणि थकलेल्या हातांनी पॉप-अप बिघडतो. म्हणून दोन तासांचा धडा असेल तर मधे दहा मिनिटं वाळूवर बसावं आणि उरलेल्या लाटांपैकी शेवटच्या पाच-सहा बिनधक्क्याच्या मागाव्यात. प्रशिक्षकाने फक्त ‘आता’ म्हणायचं, लाट निवडायची, ढकलायचं नाही. लाट चार-पाच बोर्डांइतकी दूर असतानाच किनाऱ्याकडे तोंड करून हात मारायला लागायचं. बोटं किंचित विलग, हात खोलवर, मांडीपर्यंत पूर्ण ओढा. लाट पोहोचली की शेपूट वर उचलली जाते आणि बोर्ड पुढे झुकतो. बहुतेक जण इथेच हात थांबवून उठायला जातात आणि लाट हुकते, कारण बोर्डाचा वेग अजून लाटेइतका झालेला नसतो. आणखी दोन जोरदार हात मारायचे. मग बोर्डाखालचा आवाज बदलतो, पाण्याच्या चुबुकचुबुकची सरसर होते, आणि हात न मारताही बोर्ड पुढे धावू लागतो. तळवे बरगड्यांशेजारी टेकवायची वेळ ती.