जास्वंदीवरचा पांढरा कापूस

होळी उलटून उन्हाचा चटका वाढू लागला, की दारातल्या किंवा गॅलरीतल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसू लागतो. कोवळी पाने आकसून गुच्छासारखी होतात, कळ्या उमलण्याआधीच गळतात आणि काही दिवसांत खालची पाने चिकट होऊन त्यांवर काजळी धरते. पुष्कळांना ही बुरशी वाटते. मग कोणी बुरशीनाशक भुकटी आणतो, कोणी हळद टाकतो, कोणी ताक शिंपडतो, आणि कशानेच फरक पडत नाही असे पाहून शेवटी झाडच उपटून टाकले जाते. हा कापूस म्हणजे एका किडीने आपल्या अंगावर चढवलेला मेणाचा कोट आहे. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात घेतली, तर घरगुती उपायांपैकी कोणता लागू पडतो, कोणता वाया जातो आणि तसे का होते, याचा उलगडा होऊ लागतो.

या किडीला शेतकरी पिठ्या ढेकूण किंवा मिलीबग म्हणतात. तिच्या अनेक जाती आहेत. जास्वंदीवर नेहमी आढळणारी एक जात मेणाखाली गुलाबी रंगाची असते आणि शास्त्रज्ञ तिला मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस या नावाने ओळखतात. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना जेरीस आणणारी कीड हीच. जास्वंद, कापूस आणि भेंडी ही एकाच कुळातील झाडे असल्याने त्यांच्या किडींतही बरीच देवघेव चालते. मादी जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची असते आणि तिला पंख नसतात. सुईसारखी सोंड कोवळ्या देठात खुपसून ती रस शोषते. तिच्या लाळेतील घटकांमुळे शेंड्याची वाढ बिघडते आणि पाने चुरगळतात. झाडाच्या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचे घटक अगदी थोडे असतात, त्यामुळे पोषणासाठी तिला खूप रस प्यावा लागतो आणि जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. या चिकट्यावर जी काजळी वाढते, ती मात्र खरोखर बुरशी असते. पण ती रोगाचे मूळ नसून किडीच्या मागोमाग आलेली असते, आणि कीड हटली की ती ओल्या फडक्याने पुसून काढता येते.

मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. उबदार हवेत ती साधारण आठवडाभरात फुटतात आणि त्यांतून बाहेर पडणारी पिले नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांएवढी दिसतात. त्यांच्या अंगावर अजून मेण जवळजवळ नसते. किडीच्या आयुष्यातील सर्वांत दुबळा काळ हाच, आणि आपले उपायही याच काळाशी जुळवून घ्यायला हवेत.

नुसते पाणी शिंपडले तर अळूच्या पानावरून घरंगळावे तसे ते मेणावरून घरंगळून जाते. साबणाचे पाणी तसे घरंगळत नाही, कारण साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते आणि दुसरे तेलामेणाला. त्यामुळे ते पाणी मेणावर पसरते, आत शिरते, किडीच्या अंगावरचे संरक्षक आवरण बिघडवते आणि तिच्या शरीरातील ओलावा टिकू देत नाही. या क्रियेला एक मोठी मर्यादा आहे: ती द्रावण ओले असेपर्यंतच चालते. वाळलेल्या साबणाचा किडीवर काहीही परिणाम होत नाही. म्हणून फवारणी संध्याकाळी करावी आणि पानांची खालची बाजू, फांद्यांची बेचके व आकसलेले शेंडे चांगले भिजतील याकडे लक्ष द्यावे. भर दुपारी फवारलेले पाणी दोन मिनिटांत उडून जाते आणि पानेही करपतात.

एक लिटर पाण्याला सुमारे दहा ग्रॅम साधा, सौम्य साबण किसून विरघळवला तरी पुरतो. बोअरवेलचे जड पाणी असेल तर त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून पांढरा साका तयार करतात आणि साबण कामातून जातो. ‘साबणाने काही झाले नाही’ अशी तक्रार येते तेव्हा दोष पुष्कळदा पाण्याचा असतो. अशा ठिकाणी पावसाचे साठवलेले किंवा गाळणयंत्राचे मऊ पाणी वापरावे. कपडे धुण्याची पावडर मात्र अजिबात वापरू नये. पानांच्या अंगावरही मेणाचा पातळ थर असतो आणि तीव्र क्षारांनी तो निघून जाऊन पाने जळतात. याच कारणाने सौम्य द्रावणही आधी दोन-चार पानांवर फवारून एक दिवस वाट पाहावी. आपल्याकडचा रिठाही या कामाला चालतो, कारण त्यातील सॅपोनिन हे द्रव्य साबणासारखेच पाणी पसरवते. रिठ्याच्या प्रजातीचे सॅपिंडस हे शास्त्रीय नाव ‘भारतीय साबण’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले आहे, हे कळल्यापासून रिठ्याकडे मी अधिक आदराने पाहतो.

फवारणीआधी फार बिघडलेले शेंडे कापून पिशवीत घट्ट बांधून टाकावेत. ते कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये ठेवू नयेत. उरलेल्या झाडावर पाण्याची जोरदार धार मारली की बरीच कीड खाली पडते. साबण अंड्यांच्या पिशवीत फारसा शिरत नाही, त्यामुळे एका फवारणीने समाधान मानले तर आठवड्याने नवी पिले बाहेर येतात आणि उपाय फसल्यासारखे वाटते. सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा फवारणी केली म्हणजे अंड्यांतून निघणाऱ्या पिलांना मेण चढवायला सवड मिळत नाही.

कडुनिंबाचे काम याहून वेगळ्या रीतीने चालते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1962 मध्ये असे दाखवले, की निंबोळीच्या गराचे पाणी फवारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत. त्यामागच्या अझॅडिरॅक्टिन या द्रव्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे, की 1968 मध्ये ते वेगळे काढल्यानंतर त्याची रचना पक्की व्हायला 1985 उजाडले आणि प्रयोगशाळेत ते संपूर्ण घडवायला 2007. हे द्रव्य किडीची भूक मारते आणि तिच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांत बिघाड करते. त्यामुळे कीड जागच्या जागी मरत नाही. ती खाणे सोडते आणि तिची वाढ खुंटते. दुसऱ्या दिवशी कीड तशीच दिसली म्हणून निराश होण्याचे कारण नाही. अझॅडिरॅक्टिन उन्हाने लवकर नष्ट होते, हे संध्याकाळ निवडण्याचे दुसरे कारण. एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर घाण्याचे निंबोळी तेल आणि ते मिसळण्यापुरते थोडे साबणाचे पाणी घालून लगेच फवारावे; ठेवले तर तेल वर तरंगते. शेतकऱ्यांच्या पाच टक्के निंबोळी अर्काचे घरगुती माप म्हणजे एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवलेली पन्नास ग्रॅम निंबोळी पूड, सकाळी ढवळून फडक्यातून गाळलेली. उमललेल्या फुलांवर फवारा टाळावा, कारण तिथे मधमाश्या येतात.

तंबाखूचे पाणी हा उपाय अजूनही सर्रास सांगितला जातो, आणि त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. निकोटिन वनस्पतीतूनच मिळत असले तरी ते जहाल विष आहे आणि त्वचेतूनही शरीरात जाते. तंबाखूची ओली पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ आणि चक्कर येते ती त्यामुळेच. जास्वंदीचे फूल तर गणपतीला वाहण्यासाठी घरातली मुलेसुद्धा तोडतात.

इतके करूनही कीड वारंवार येत असेल तर खोडावर मुंग्या चढताना दिसतात का ते पाहावे. मुंग्यांना चिकट्यातील साखर हवी असते, म्हणून त्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि त्याला खाणाऱ्या कीटकांना हुसकावून लावतात. खोडाभोवती चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर व्हॅसलीनचा जाड थर द्यावा, आणि फांद्या भिंतीला किंवा शेजारच्या कुंडीला टेकू देऊ नयेत. मुंग्यांची वाट बंद झाली की राखण संपते.

त्यानंतर कदाचित झाडावर एक निराळाच पांढरा जीव दिसेल. तो पिठ्या ढेकणापेक्षा कितीतरी मोठा, कधीकधी सेंटिमीटरभर लांब असतो; त्याच्या अंगावर मेणाचे लांब झुबके असतात आणि तो भराभर चालतो. ही क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. पिठ्या ढेकूण हेच तिचे अन्न आहे आणि त्याच्या घोळक्यात मिसळून जाण्यासाठी तिने त्याच्यासारखाच मेणाचा वेश घेतला आहे. मूळचा ऑस्ट्रेलियातील हा ढालकिडा 1898 मध्ये भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागांत मुद्दाम सोडला जातो. 1994 मध्ये कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर जास्वंदीच्या या गुलाबी किडीने थैमान घातले, तेव्हा तिथेही त्याची मदत घ्यावी लागली होती. आपल्या घरी मात्र मोठा ढेकूण समजून याच अळीला आधी चिरडले जाते. म्हणून काडीने हळूच डिवचून पाहावे: पिठ्या ढेकूण जेमतेम हलतो, अळी चटकन पळू लागते. ती पळाली तर साबणाचा आणि निंबोळीचा फवारा महिनाभर बाजूला ठेवावा, झाडाला फक्त बुंध्याशी पाणी घालावे आणि उरलेले काम तिच्यावर सोपवावे.